नमुना पाण्याचा, दुखणे गाळाचे

खाडीत मासे उलटे तरंगू लागले, नाल्याच्या तोंडाशी पाण्याने रंग बदलला, किंवा पूर्वीसारखी बोय आणि निवटी मिळत नाही अशी कोळीवाड्याने तक्रार केली, की पुढचा क्रम ठरलेला असतो. अधिकारी येतात, बाटल्यांत पाणी भरून नेतात आणि काही दिवसांनी अहवाल येतो: शिसे, कॅडमियम, पारा, तांबे, जस्त, सारे विहित मर्यादेत. तेवढ्यावर विषय मिटतो. हे मत केवळ सरकारी दप्तराचे असते, तर त्याच्याशी वाद घालण्यात फारसा अर्थ नव्हता. पण रसायनशास्त्र शिकलेली, नदीवर प्रेम करणारी माणसेही मनापासून असेच मानतात, की पाण्यातले धातू मर्यादेत असतील तर पाण्यातला जीव सुरक्षित असतो. हे मत चुकीचे आहे आणि त्याची किंमत जलचर व त्यांच्यावर जगणारी माणसे मोजत आली आहेत, असे माझे म्हणणे आहे.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. धातू ही काही कारखान्यांनी निर्माण केलेली वस्तू नव्हे. प्रत्येक नदी खडक झिजवत येते आणि झिजलेल्या खडकातले लोह, मँगनीज, तांबे, जस्त समुद्राला देते. यांतले कित्येक धातू जीवाला हवेच असतात. खेकड्याच्या आणि कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्यावर उभे आहे; तांबे मिळाले नाही तर चिंबोरी जगणार नाही. विष ठरते ते मात्रेवरून, हे पॅरासेल्ससने सोळाव्या शतकात सांगून ठेवले आहे. त्यात समुद्र अफाट. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी खाडी धुऊन काढते. जे विरघळत नाही ते तळाशी बसते आणि चिखलातल्या गंधकाशी बांधले जाऊन निष्क्रिय होते. जीवही अगदी निराधार नसतात. मासे आणि शिंपले धातूला जखडून ठेवणारी खास प्रथिने तयार करतात. शेवटचा मुद्दा सर्वांत परिणामकारक, कारण तो डोळ्यांना दिसतो: पाणी एवढे विषारी असते तर मासे मेले असते, आणि मासे तर आहेत.

यातले एकही वाक्य खोटे नाही. पण या खऱ्या वाक्यांमधून जो निष्कर्ष काढला जातो, तो त्यांतून निघत नाही.

आधी मर्यादेबद्दल बोलू, कारण सगळा भार तिच्यावर आहे. मर्यादा कोणासाठी आणि कशासाठी ठरवलेली आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंतर्देशीय पाण्याचे पाच वर्ग आहेत. त्यांतला 'ड' वर्ग वन्यजीव आणि मत्स्यवाढीसाठीचा. त्याचे निकष तीन: सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅम किंवा अधिक, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा कमी. यात एकाही धातूचे नाव नाही. म्हणजे माशांसाठी योग्य म्हणून ज्या पाण्यावर शिक्कामोर्तब होते, त्यात पारा किती, कॅडमियम किती, हे त्या निकषांनी विचारलेलेच नसते. मग अहवालात 'मर्यादेत' म्हणून जे आकडे येतात ते बहुधा दोन ठिकाणांहून उचललेले असतात: एक पिण्याच्या पाण्याचे मानक, दुसरे कारखान्याच्या सांडपाण्याचे. पहिले माणसाच्या आतड्यासाठी आहे. दुसरे नळातून काय सोडता येईल याचा परवाना आहे. माशाच्या कल्ल्याचा विचार दोन्हींतही नाही.

हा कल्ला नीट समजून घेतला पाहिजे. माणूस धातू गिळतो आणि यकृत व मूत्रपिंड त्याला सामोरे जातात. गोड्या पाण्यातल्या माशाचा कल्ला मात्र जन्मभर पाण्यातच उघडा असतो. त्याच्या रक्तात क्षार जास्त, भोवतालच्या पाण्यात कमी. त्यामुळे क्षार सतत बाहेर झिरपतात आणि कल्ल्याच्या पेशी सोडियम आणि कॅल्शियम पुन्हा आत ओढत राहतात. तांबे या सोडियमच्या वाटेवरच आघात करते. कॅडमियम, शिसे आणि जस्त कॅल्शियमच्या वाटेने आत शिरतात आणि कॅल्शियमची वाट अडवतात. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर या चढाओढीत मासा तग धरतो; पाणी मृदू असेल तर तोच आकडा त्याला भारी पडतो. म्हणूनच अमेरिकेत जलचरांसाठीचे धातूंचे निकष ठरवताना पाण्याचा जडपणा हिशेबात धरायची पद्धत आली. जांभ्यावरून पावसाळ्यात धावणारे कोकणातले पाणी आणि दख्खनच्या काळ्या मातीतून उन्हाळ्यात संथ झिरपणारे पाणी यांना एकच आकडा लावणे हे माशाच्या शरीराला मान्य नसलेले गणित आहे.

आता तांब्याचेच उदाहरण घ्या. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम आहे. अंतर्देशीय पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम तांबे चालते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कोहो सामन माशाच्या पिल्लांवर २००७ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत विरघळलेले तांबे लिटरमागे २ मायक्रोग्रॅम असताना काही तासांत त्यांच्या घ्राणशक्तीत घट दिसली. एखाद्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून पाण्यात जे द्रव्य पसरते, तो इतर पिल्लांसाठी धोक्याचा इशारा असतो. तो मिळताच निरोगी पिल्लू थबकते, तळाशी निश्चल होते. तांब्याच्या पाण्यात राहिलेली पिल्ले तो इशारा न कळल्यासारखी पोहत राहिली. ही पिल्ले मेलेली नव्हती. त्यांना टाकीत मोजले असते तर सगळी जिवंत भरली असती. नदीत ती पहिल्या शिकारी माशाच्या तोंडी गेली असती आणि तिथे मेलेला मासा तरंगतानाही दिसला नसता. पाण्यात सेंद्रिय द्रव्य वाढले की तांब्याचा हा परिणाम कमी होतो, म्हणून २ हा आकडा उचलून आपल्या गढूळ नद्यांना तसाच लावा, असे माझे म्हणणे नाही. पण माणसाला पिण्यास उत्तम ठरलेले पाणी माशाला आंधळे करू शकते एवढे तरी त्यावरून सिद्ध होते, आणि तेवढ्याने 'मर्यादेत म्हणजे सुरक्षित' हा न्याय मोडतो.

'मासे मेले नाहीत' या युक्तिवादाचे आणखी स्पष्ट खंडन अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या बेल्यूज तलावाने केले. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातले पाणी १९७४ पासून त्या तलावात येऊ लागले. त्यात सेलेनियम होते. ते काटेकोर अर्थाने धातू नव्हे, पण सांडपाण्याच्या कोष्टकात ते धातूंच्या शेजारीच बसते. तलावाच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे सरासरी १० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते. भारतात पिण्याच्या पाण्यात आज जी मर्यादा आहे, जवळपास तेवढेच. काही वर्षांत तलावातल्या २० जातींपैकी १९ जातींचा वंश खुंटला. मोठे मासे काही काळ पोहताना दिसत होते, गळाला लागत होते. पिल्ले येत नव्हती, आली तर पाठीचा कणा वाकडा घेऊन येत होती. सेलेनियम पाण्यातून प्लवकांत, प्लवकांतून कीटकांत, तिथून माशात आणि माशाच्या अंड्यात पोहोचले होते, प्रत्येक पायरीवर वाढत. पाण्याची बाटली हे सांगू शकत नव्हती. अंडे सांगू शकत होते.

समुद्रात याच तऱ्हेचा दाखला कथिलाने दिला. जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे सेंद्रिय संयुग असलेला रंग लावला जाई. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्काशाँ उपसागरात कालवांची पिल्ले जगेनाशी झाली आणि मोठ्या कालवांचे कवच वेडेवाकडे जाड होऊ लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींसाठी त्या रंगावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेतल्या ब्रायन आणि गिब्ज यांनी दाखवले, की लिटरमागे एखाद-दुसऱ्या नॅनोग्रॅमला, म्हणजे मायक्रोग्रॅमच्या हजाराव्या भागाला, खडकावरच्या एका सागरी गोगलगाईच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात. मात्रा वाढली की त्यांचा अंडी घालण्याचा मार्गच बंद होतो. किनारेच्या किनारे त्या गोगलगाईंपासून रिकामे झाले. आपल्याकडेही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगाईत हाच विकार नोंदवला. विरघळून विरळ झालेले विष निरुपद्रवी होते असे मानणाऱ्याने या गोगलगाईचे काय उत्तर द्यायचे?

समुद्राच्या अफाटपणावरचा विश्वास आपल्या कायद्यातही उतरला आहे. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टात अंतर्देशीय पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, किनाऱ्याच्या समुद्रात सोडायचे असेल तर २ मिलिग्रॅम, म्हणजे वीस पट. जस्ताला अनुक्रमे ५ आणि १५. या फरकामागे एकच समजूत दिसते: समुद्र सामावून घेईल. शिवाय या सगळ्या मर्यादा संहतीच्या आहेत, एकूण वजनाच्या नाहीत. पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. रोज एक कोटी लिटर सांडपाणी सोडणारी एखादी वसाहत ही मर्यादा तंतोतंत पाळत असली, तरी त्या खाडीत रोज १०० ग्रॅम आणि वर्षाला साडेछत्तीस किलो पारा जाऊ शकतो, आणि प्रत्येक दिवसाचा अहवाल 'मर्यादेत' येईल. त्या सांडपाण्यात आणखी पाणी मिसळले तर संहती आणखी कमी दिसेल. पारा एक कणभरही कमी होणार नाही. धातूचे कुजून काही होत नाही. मैला कुजतो, कीटकनाशकही सावकाश का होईना विघटित होते, पण शिशाचा अणू शिशाचाच राहतो. मैल्यासाठी जो विरळीकरणाचा विचार काही अंशी रास्त होता, तो धातूंना जसाच्या तसा लावला गेला, हे या प्रचलित मताच्या मुळाशी असलेले मोठे गफलतीचे ठिकाण आहे.

विरळीकरणाची खरी परीक्षा जपानमध्ये, क्युशू बेटावरच्या मिनामाता गावी झाली. ते नाव आपल्याकडे पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपुरते माहीत आहे. त्यातला या वादाला लागू पडणारा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. चिसो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनत होते आणि त्यात पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. त्या प्रक्रियेतच थोडा मिथिल पारा तयार होऊन सांडपाण्याबरोबर ह्याक्केन बंदरातून मिनामाता उपसागरात जात होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे मासे तरंगू लागले, मांजरे झटके येऊन गरगर फिरत समुद्रात पडू लागली, कावळे उडता उडता कोसळू लागले. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी माणसांतल्या अनाकलनीय मज्जाविकाराची आरोग्य कार्यालयाला खबर दिली. १९५८ च्या सप्टेंबरात कंपनीने सांडपाण्याचे तोंड बंद उपसागरातून हलवून मिनामाता नदीच्या मुखाशी नेले. तिथे नदीचा प्रवाह होता आणि पुढे मोकळा शिरानुई समुद्र. विरळीकरणाच्या न्यायाने आता दुखणे ओसरायला हवे होते. झाले असे, की काही महिन्यांतच नदीमुखाच्या उत्तरेला, जिथे पूर्वी एकही रुग्ण नव्हता, अशा किनाऱ्यावरच्या गावांत तोच आजार दिसू लागला. पाणी विरळ झाले होते. मासे मात्र ते विरळ झालेले विष पुन्हा गोळा करत होते. पाण्यातल्या मिथिल पाऱ्याच्या तुलनेत मोठ्या शिकारी माशाच्या मांसातले प्रमाण दहा लाख पट किंवा त्याहून जास्त असू शकते. समुद्र जे पसरवतो ते अन्नसाखळी वेचून एकत्र आणते.

१९५९ च्या जुलैपासून डॉ. होसोकावा यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नातून एका मांजराला दिले आणि ऑक्टोबरात त्याला तोच आजार झाला. हा निष्कर्ष कंपनीने बाहेर येऊ दिला नाही. डिसेंबरमध्ये सांडपाणी स्वच्छ करणारी नवी यंत्रणा समारंभपूर्वक सुरू झाली आणि कंपनीच्या अध्यक्षांनी तिथे एक पेला पाणी पिऊन दाखवले. विरघळलेला सेंद्रिय पारा काढून टाकण्याची सोय त्या यंत्रणेत मुळातच नव्हती. पाणी नितळ झाले आणि विषप्रयोग १९६८ पर्यंत चालू राहिला. पेल्यातल्या पाण्याने खाडीबद्दल साक्ष द्यावी ही अपेक्षा तेव्हाही चुकीची होती आणि बाटलीतल्या नमुन्याबद्दल आजही तितकीच चुकीची आहे.

यावर एक जाणता आक्षेप आहे. मिनामातात मिथिल पारा कारखान्यातूनच तयार होऊन आला. आपल्या खाड्यांत पडला तो मुख्यतः असेंद्रिय पारा, क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतला. तो एवढा घातक नाही, सबब ते उदाहरण इथे लागू नाही. आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. पण असेंद्रिय पारा असेंद्रिय राहत नाही. स्वीडनमधल्या तलावांतल्या पाइक माशांत पारा का चढतो याचा शोध घेताना येन्सेन आणि येर्नेलोव यांनी १९६९ मध्ये दाखवले, की तळाच्या चिखलातले सूक्ष्मजीव असेंद्रिय पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे काम मुख्यतः प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे जिवाणू करतात, आणि त्यांना ते साध्य करून देणारी दोन जनुके २०१३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी ओळखली. समुद्राचे पाणी सल्फेटने समृद्ध असते. खारफुटीचा काळा, गंधकाचा वास येणारा चिखल म्हणजे या जिवाणूंचे घरच. ज्या चिखलाला पूर्वपक्ष तिजोरी समजतो, त्यातच पाऱ्याला अधिक घातक रूप मिळते.

इतर धातूंच्या बाबतीत तिजोरीची कल्पना याहून बळकट आहे, हे मान्य केले पाहिजे. प्राणवायूविरहित गाळात कॅडमियम, शिसे, जस्त, तांबे सल्फाइडशी घट्ट बांधले जातात आणि सल्फाइड पुरेसे असेल तोवर गाळातल्या पाण्यात फारसे उतरत नाहीत. १९९० च्या दशकात यावर उत्तम संशोधन झाले. पण चिखल ही निर्जीव वस्तू नाही. त्यात बिळे करणारे किडे, खेकडे, निवट्या आहेत. ते बिळात पाणी खेळवतात, पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि सल्फाइडची गाठ सुटते. कित्येक किडे चिखलच खातात; त्यांच्या पोटातला पाचकरस प्रयोगशाळेतल्या पाण्यापेक्षा धातू सोडवण्यात कितीतरी समर्थ असतो. ओहोटीला उघडा पडणारा चिखल वाळतो, ऑक्सिडीकरण होते. पावसाळ्यात पूर त्याला उचलतो. गोड्या पाण्यातून आलेला गाळ खाऱ्या पाण्याला भेटला, की कॅडमियम क्लोराइडशी जोडले जाऊन गाळ सोडते आणि पाण्यात उतरते. हे खाडीच्या तोंडाशी नेहमी घडते. आणि बंदरासाठी गाळ उपसला, की वर्षानुवर्षे खाली दडलेले थर एका दिवसात वर येतात.

जीवांच्या संरक्षक प्रथिनांचेही असेच आहे. मेटॅलोथायोनिन हे प्रथिन १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडले. पुढे मासे, खेकडे, शिंपले सर्वांत ते मिळाले. ते धातूला जखडते हे खरे. पण ते बनवायला लागणारी शक्ती वाढीतून आणि प्रजननातून वळवली जाते, आणि जखडलेला धातू शरीरातच राहतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या रेस्ट्राँगेट खाडीत शतकानुशतकांच्या तांब्या-कथिलाच्या खाणींमुळे गाळात तांबे किलोमागे काही हजार मिलिग्रॅमपर्यंत साचले आहे. १९७१ मध्ये ब्रायन आणि हमरस्टोन यांनी दाखवले, की तिथले चिखलातले किडे इतर ठिकाणच्या किड्यांना मारणाऱ्या तांब्यातही जगतात. पूर्वपक्ष याला निसर्गाचा विजय म्हणेल. पण सहनशील झालेला किडा धातूने भरलेला किडा असतो, आणि असे किडे कोळंबीला आणि मोठ्या किड्यांना खाऊ घातले तेव्हा त्यांच्यातला धातू खाणाऱ्यांच्या शरीरात गेला. किडा वाचला, ओझे वर सरकले.

त्याच खाडीने 'कारखाना बंद झाला, आता प्रश्न इतिहासजमा' या समजुतीलाही उत्तर दिले. व्हील जेन ही तिथली कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, पाण्याचे पंप थांबले, खाण भरली आणि जानेवारी १९९२ मध्ये धातूंनी लदलेले सुमारे ५ कोटी लिटर आम्ल पाणी कार्नन नदीतून खाडीत फुटले. मिनामातातही उत्पादन थांबल्यावर पारा तिथेच होता. १९७४ मध्ये उपसागराच्या तोंडावर जाळे ताणले गेले, विषारी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून, आणि ते १९९७ पर्यंत तसेच होते. १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून किंवा जागीच बंदिस्त करून ५८ हेक्टर भराव घालण्यात आला. खर्च ४८५० कोटी येन.

आपल्याकडच्या क्लोर-अल्कली उद्योगाने पाऱ्याची जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने सोडली, ही चांगली गोष्ट झाली. पण राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या संशोधकांनी २००३ मध्ये उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वरच्या टापूतल्या गाळात नैसर्गिक पातळीच्या पुष्कळ वर पारा आढळला होता. तो गाळ कारखान्याच्या दारावर कुलूप लागले म्हणून निघून जात नाही. या खाडीच्या काठाने कल्याण, डोंबिवली, ठाणे, भिवंडी वाढली. तिच्या चिखलातून निवट्या पकडणारी आणि कालवे फोडणारी कुटुंबे अजून आहेत. शेजारच्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा मान मिळाला तो मुख्यतः रोहित पक्ष्यांमुळे, आणि रोहित आपले अन्न वेचतो ते चिखलातून आणि चिखलाला लागून असलेल्या पाण्यातून. या खाड्यांविषयी बोलताना पाण्याच्या नमुन्यावर थांबणे मला अनाकलनीय वाटते.

मग कशावर विसंबायचे? याचे उत्तर अर्धशतकापूर्वी मिळालेले आहे. १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या सागरी रसायनशास्त्रज्ञाने सुचवले, की किनाऱ्याची तब्येत शिंपल्यांना विचारावी. शिंपला एका जागी चिकटून बसतो, रोज कित्येक लिटर पाणी गाळतो आणि त्यातले धातू महिनोन्‌महिने अंगात साठवतो. बाटली एका क्षणाचे पाणी सांगते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळच्या बाटलीत सापडत नाही, पण कालवाच्या मांसात सापडते. अमेरिकेत १९८६ पासून शासनातर्फे शिंपल्यांची ही देखरेख नियमित चालू आहे. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर कालवे, तिसऱ्या, शिनाणे यांची वाण नाही, आणि ती ओळखणाऱ्या, कुठल्या खडकावर कधी मिळतात हे जाणणाऱ्या स्त्रिया प्रत्येक खाडीकाठी आहेत. दर हंगामाला ठरलेल्या जागांचा गाळ आणि ठरलेल्या जातींचे मांस तपासावे, सांडपाण्याची मोजणी संहतीबरोबर वर्षाच्या एकूण वजनात करावी, मत्स्यवाढीच्या वर्गाला धातूंचे निकष जोडावेत आणि ते पाण्याच्या जडपणाप्रमाणे ठरवावेत. यात अशक्य असे काही नाही. लागणारी उपकरणे आपल्या विद्यापीठांत आणि संस्थांत आहेत.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो कोळीवाड्यातूनच येतो. गाळ तपासला, कालवात धातू निघाला आणि ते वर्तमानपत्रात आले, तर बाजार बसेल. कारखानदाराचे काही जाणार नाही, टोपली घेऊन बसलेल्या बाईचे जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच तपासणीबरोबर भरपाईची तरतूद हवी आणि कुठल्या जागेची, कुठल्या जातीची मासळी टाळावी हे नेमके सांगायला हवे. सगळ्या किनाऱ्यावर सरसकट संशय पसरवणे हा मच्छीमारांवर अन्यायच ठरेल. पण न तपासणे हे त्यांचे संरक्षण नव्हे. मिनामातात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त आजारी पडली ती मच्छीमार कुटुंबेच, कारण न विकलेली मासळी रोज त्यांच्याच ताटात होती. आणि आईला लक्षणे फारशी नसतानाही पोटातल्या मुलांपर्यंत विष पोहोचले.

१९५७ मध्ये कुमामोतो प्रांताच्या प्रशासनाने अन्नस्वच्छता कायद्याखाली त्या उपसागरातल्या मासळीवर बंदी घालता येईल का, असे टोकियोला विचारले होते. सप्टेंबरमध्ये आरोग्य मंत्रालयाचे उत्तर आले: उपसागरातली सगळीच्या सगळी मासळी विषारी झाल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येत नाही. आजाराचे कारण शासनाने अधिकृतपणे मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी, कारखान्यातले ते उत्पादन बंद झाल्यानंतर चार महिन्यांनी. आणि १५ ऑक्टोबर २००४ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की १९५९ च्या अखेरीपर्यंत शासनाच्या हाती जी माहिती होती ती कृती करण्यास पुरेशी होती, आणि त्यानंतर हात बांधून बसल्याबद्दल केंद्र शासन आणि कुमामोतो प्रांत दोघेही जबाबदार आहेत.